एकाकी बेटावरचे गाव : ट्रिस्टन द कुन्हा

श्रोतेहो, शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर तो जरा जवळ ओढून घ्या. आफ्रिका खंडाच्या अगदी खालच्या टोकाशी केप टाऊन हे शहर सापडेल. तिथे बोट ठेवा आणि पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दिशेने, हळूहळू सरकवत न्या. बोट निळ्या रंगावरूनच चालत राहील. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत सरळ रेघ ओढली तर जेवढे अंतर भरेल, जवळजवळ तेवढे अंतर, म्हणजे सुमारे २८०० किलोमीटर गेल्यावर एक बारीकसा ठिपका लागेल. गोल छापणारा तो विसरला नसेल तर! ह्या ठिपक्याचे नाव ट्रिस्टन द कुन्हा. त्याच्या सर्वांत जवळची माणसांची वस्ती म्हणजे सेंट हेलेना हे दुसरे बेट, आणि तेसुद्धा २४०० किलोमीटरवर. माणसांची कायम वस्ती असलेले जगातले सर्वांत एकाकी बेट असा ट्रिस्टनचा लौकिक आहे, आणि तो खोटा नाही.

आता कोणी विचारील, "अहो, इतक्या लांबच्या ठिपक्यावर जाऊन बघायचे तरी काय?" प्रश्न रास्त आहे. तिथे राजवाडे नाहीत, किल्ले नाहीत, बाजारपेठ नाही. एक डोंगर, एक गाव, एक रस्ता, झाले बेट! पण ह्या एका गावाने दोनशे वर्षे तग कसा धरला, आणि एकदा तर साक्षात ज्वालामुखीने बाहेर काढले असताना तेच लोक हट्टाने परत कसे आले, हे समजून घेतले म्हणजे बघण्यासारखे पुष्कळ आहे असे आपलेही मत होईल.

आधी तिथे पोचायचे कसे ते पाहू. ट्रिस्टनला विमानतळ नाही. केप टाऊनहून वर्षाकाठी मोजकीच जहाजे तिकडे जातात आणि समुद्र बरा असला तर जायला साधारण आठवडा लागतो. शिवाय मनात आले आणि निघालो, असेही नाही. बेटाचा कारभार ब्रिटिश सरकारचा प्रशासक आणि बेटावरच्या लोकांनी निवडलेले मंडळ असे दोघे मिळून पाहतात. त्यांची परवानगी आधी काढावी लागते. बेटाचे बंदर इतके लहान की जहाज आत येतच नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि उतारूंना होडीतून काठावर आणतात. वारा उठला, लाटा वाढल्या, की होड्या बंद. मग बेट समोर दिसत असूनही दिवसचे दिवस जहाजावर बसून राहावे लागते. परतीचेही तसेच. तेव्हा अमुक तारखेला घरी पोचायलाच हवे, अशी ज्याला घाई असेल त्याने ह्या वाटेला जाऊ नये हे उत्तम.

समुद्रातून बेट दिसते ते एखाद्या प्रचंड शंकूसारखे. सगळे बेट म्हणजे समुद्राच्या तळापासून वर आलेला ज्वालामुखीच आहे. क्षेत्रफळ ९८ चौरस किलोमीटर. आडवे मोजले तर अकरा-बारा किलोमीटर भरेल. मधल्या शिखराला क्वीन मेरी शिखर म्हणतात. त्याची उंची ६७६५ फूट. आपली कळसूबाई ५४०० फूट. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरापेक्षाही हा डोंगर साडेतेराशे फुटांनी उंच, आणि तो उभा आहे थेट समुद्रातून! चहूबाजूंना दोन-दोन हजार फुटांचे कडे तुटलेले. फक्त वायव्येच्या अंगाला कड्याखाली सपाट जमिनीची एक पट्टी आहे, आणि त्या पट्टीवर गाव वसले आहे. गावाचे भारदस्त नाव 'एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज', म्हणजे सात समुद्रांवरचे एडिंबरा. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, एडिंबराचा ड्यूक, १८६७ मध्ये इथे येऊन गेला, म्हणून हे नाव. पण गावची माणसे नुसते 'वस्ती' म्हणतात. आपणही गावाला 'गाव'च म्हणतो ना, तसेच.

बेटाच्या नावात मात्र आपल्या ओळखीचा एक धागा आहे. १५०६ साली एक पोर्तुगीज आरमार हिंदुस्थानकडे यायला निघाले होते. त्याचा प्रमुख ट्रिस्टन द कुन्हा. वाटेत त्याला हे बेट दिसले. तो उतरला नाही, पण नाव मागे राहिले. त्याच सफरीत त्याच्याबरोबर दुसरा एक सरदार होता, आफोन्सो द आल्बुकेर्क. ह्या आल्बुकेर्कनेच पुढे १५१० मध्ये गोवा जिंकला. तेव्हा गोव्याच्या इतिहासाचे पान आणि ह्या ओसाड बेटाचे पान एकाच प्रवासात लिहिले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

पुढची तीनशे वर्षे बेट ओसाडच होते म्हणा ना. १८१५ मध्ये इंग्रजांनी नेपोलियनला सेंट हेलेनावर कैदेत ठेवले. त्याला सोडवायला कोणी ट्रिस्टनच्या बाजूने येईल ह्या धास्तीने १८१६ मध्ये त्यांनी इथे शिपायांची तुकडी आणून बसवली. वर्षभरातच हा खर्च फुकटचा आहे हे ध्यानात आले आणि तुकडी परत बोलावली गेली. पण विल्यम ग्लास नावाचा एक स्कॉटिश कॉर्पोरल म्हणाला, "मी इथेच राहतो." त्याची बायको, मुले आणि बरोबर दोन गवंडी, एवढ्या माणसांवर गाव सुरू झाले.

आता पाहा, ह्या माणसांनी राहायचे ठरल्यावर पहिली गोष्ट काय केली? १८१७ च्या नोव्हेंबरात बसून एक करारनामा लिहिला. त्यातला मुद्दा साधा होता. जनावरे, सामान, नफा, खर्च ह्यांत सर्वांचा वाटा सारखा, आणि कोणी कोणावर वरचढपणा करायचा नाही. ग्लास हा तर लष्करातला कॉर्पोरल. पण त्यानेही सही केली. तो कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेला आहे. कागद लिहिणे सोपे असते. तो पाळणे अवघड. ट्रिस्टनच्या लोकांनी त्यातले पुष्कळसे पाळले. आजसुद्धा तिथली जमीन सामाईक आहे, बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही, आणि एका घराने गाई-मेंढ्या किती पाळाव्यात ह्याला मर्यादा घातलेली आहे. चराऊ रान थोडे, तेव्हा एकाचा कळप वाढला तर दुसऱ्याची गाय उपाशी मरायची, हा त्यामागचा हिशेब.

माणसे मात्र हळूहळूच वाढली. गावात अविवाहित पुरुष होते, बायका नव्हत्या. १८२७ मध्ये त्यांनी एका जहाजाच्या कप्तानाला गळ घातली आणि सेंट हेलेनाहून पाच बायका इकडे आल्या. धन्य त्या बायकांची! न पाहिलेल्या बेटावर, न पाहिलेल्या नवऱ्याशी संसार करायला समुद्र ओलांडून येणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पुढे फुटलेल्या जहाजांतून कोणी डच खलाशी आला, देवमासे मारणाऱ्या जहाजांवरून अमेरिकन आले, १८९२ मध्ये 'इटालिया' नावाचे जहाज फुटले त्यातले दोन इटालियन इथेच राहिले. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेटो आणि लव्हारेलो अशी सात जुनी आडनावे. अगदी अलीकडे त्यांत एक-दोन नव्यांची भर पडली. गावची लोकसंख्या आज सव्वादोनशे ते अडीचशेच्या घरात. सगळेच एकमेकांचे नातलग. ह्या जवळिकीची एक किंमतही त्यांना मोजावी लागते. मूळ माणसांपैकी काहींना दमा होता. तो रक्तातून उतरत गेला आणि आज गावातल्या कितीतरी लोकांना दम्याचा त्रास आहे. त्यावर परदेशच्या डॉक्टरांनी मुद्दाम अभ्यासही केला आहे.

आता गावात हिंडू या. काळ्या दगडांची, ठेंगणी, वाऱ्याकडे पाठ केलेली अशी जुनी घरे होती. त्यांवर फ्लॅक्स नावाच्या लांब पानांच्या झुडपाचे शाकार असत. तसे एक घर जुन्या पद्धतीने शाकारून संग्रहालय म्हणून ठेवले आहे. घर शाकारायचे म्हणजे सगळा गाव लोटायचा आणि घरधन्याने सर्वांना जेवू घालायचे. आपल्याकडे इर्जिक म्हणतात, सावड म्हणतात, तीच ही रीत. नाव तेवढे वेगळे. गावात १९२३ सालचे सेंट मेरी चर्च आहे, एक कॅथलिक चर्च आहे, एक शाळा, एक दुकान, एक दवाखाना, आणि गोल्फचे नऊ खळग्यांचे मैदानही आहे. मात्र तिथे खेळणाऱ्याने चरणाऱ्या गाई सांभाळून चेंडू मारायचा. बायका घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचे मोजे विणतात. पूर्वी मुलगी आपल्या मनातल्या मुलाला मोजे विणून देई, आणि त्यावर रंगीत पट्टे जितके जास्त तितका जीव जास्त, असे समजायचे. पत्र लिहिण्यापेक्षा हे बरे, नाही का?

पोस्टात अवश्य जावे. ट्रिस्टनची तिकिटे जगभरचे संग्राहक घेतात आणि बेटाच्या तिजोरीत त्यातून चार पैसे पडतात. पहिली अधिकृत तिकिटे १९५२ ची. पण त्याआधी १९४६ मध्ये नमुन्यादाखल एक तिकीट छापले होते, त्यावर किंमत लिहिली होती एक पेनी आणि शेजारी चार बटाटे! थट्टा नव्हे ही. दुसऱ्या महायुद्धात बेटावर आरमाराचे हवामान केंद्र येईपर्यंत रोख पैशाचा व्यवहार तिथे जवळजवळ नव्हताच; बटाटा हेच चलन होते.

हे बटाटे बघायचे तर गावातून निघणाऱ्या एकुलत्या एक रस्त्याने पश्चिमेला चालत जावे. पाच-एक किलोमीटरवर 'पॅचेस' लागतात. पॅचेस म्हणजे वाफे. दगडी गडग्यांनी वेढलेल्या लहान लहान तुकड्यांचे ते शेत लांबून पाहिले तर कोकणातल्या माणसाला ओळखीचे वाटेल. इतके गडगे कशाला? तर वारा अडवायला. गडगा नसेल तर पाला तर काय, मातीसुद्धा उडून समुद्रात जायची. खत म्हणून समुद्रातले शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा घालण्याचा रिवाज होता. दवाखान्यात कारकून असो की शाळेत शिक्षक असो, प्रत्येक घराचा पॅचेसवर तुकडा असतोच, आणि लावणी-काढणीला सारे घर तिथे असते. पाहुणा म्हणून कोणाच्या घरी उतरलात तर आपल्यालाही फावडे हाती घ्यावे लागेल, आणि घ्यावे असेच मी म्हणेन.

दुसरे उत्पन्न समुद्राचे. इथल्या खडकाळ पाण्यात मोठ्या जातीची शेवंड मिळते. ती गोठवून परदेशी पाठवतात; गावाची बहुतेक रोख मिळकत तीच. पण समुद्र वर्षातले थोडेच दिवस होड्या घालण्याजोगा असतो. पहाटे अनुभवी माणसे समुद्राकडे पाहतात, आणि दिवस चांगला ठरला तर टांगलेल्या लोखंडी नळकांड्यावर टोले देतात. आपल्या खेड्यातल्या शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला असतो ना, अगदी तसे. टोला ऐकला की कचेरीतला माणूस लेखणी ठेवून होडीकडे धावतो. त्या दिवशी बाकीची कामे थांबलेली असतात, आणि कोणी कुरकुर करत नाही.

ह्या समुद्राने त्यांना दिले तसे नेलेही आहे. १८८५ च्या नोव्हेंबरात एक जहाज लांबून जाताना दिसले. गावात धान्याची टंचाई होती. काही देवाणघेवाण करावी म्हणून पंधरा पुरुष एका होडीतून निघाले. ते परत आले नाहीत. एवढ्याशा गावाचे पंधरा कर्ते पुरुष एका दिवसात गेले. मागे राहिल्या बायका, म्हातारी आणि मुले. तरी गाव मोडले नाही.

सणावारांचीही थोडी गंमत सांगतो. १८८२ साली एक जहाज किनाऱ्याला लागले, त्यातून उंदीर बेटावर उतरले. बटाट्यांचे आणि पक्ष्यांच्या अंड्यांचे वैरीच ते. म्हणून वर्षातून एक दिवस 'उंदीरमारी'चा असतो. गावाच्या टोळ्या पडतात, कुत्री घेऊन पॅचेसवरचे गडगे उकरतात आणि संध्याकाळी शेपट्या मोजून, मापून बक्षिसे वाटतात. डिसेंबरात मेंढ्या कातरण्याचा दिवस येतो. आणि ३१ डिसेंबरच्या रात्री तरुण मुले भयंकर मुखवटे घालून दारोदार हिंडतात, मुलाबाळांना घाबरवतात. शिमग्याची सोंगे पाहिलेल्या माणसाला ह्यात नवल वाटणार नाही.

शेजारच्या निर्जन बेटांवर पक्ष्यांचे राज्य आहे. 'इनॅक्सेसिबल' नावाच्या बेटावर उडता न येणारा एक पक्षी आहे. न उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत लहान, वजनाने चिमणीहून थोडा जास्त. तो ह्या एका बेटाशिवाय पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही. नाइटिंगेल बेटावर भुवईला पिवळे तुरे असलेले पेंग्विन हजारोंनी राहतात. २०११ च्या मार्चमध्ये 'ऑलिव्हा' नावाचे सोयाबीन भरलेले जहाज ह्या बेटावर आपटून फुटले आणि तेल समुद्रभर पसरले. गावकऱ्यांनी होड्या घातल्या, तेलाने माखलेले सुमारे ३७०० पेंग्विन गोळा करून गावात आणले, त्यांना धुतले, आपल्या घरचे मासे खाऊ घातले, पोहण्याचा तलाव रिकामा करून त्यात ठेवले. एवढे करूनही त्यांतले थोडेच जगले. पुढे २०२० च्या नोव्हेंबरात ह्याच अडीचशे माणसांच्या गावाने आपल्या भोवतालचा जवळजवळ ६ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरचा समुद्र राखीव म्हणून जाहीर केला. आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे हे क्षेत्र! त्यात व्यापारी मासेमारी बंद. शेवंडीसाठी बेटांजवळचा पट्टा तेवढा मोकळा ठेवला.

आणि आता गावाला लागून असलेली काळी टेकडी पाहू. तिच्यावरून चालताना बुटाखाली खडी करकरते. ही टेकडी १९६१ सालापर्यंत तिथे नव्हतीच. त्या वर्षी ऑगस्टपासून बेटाला हादरे बसू लागले. ऑक्टोबरात गावाच्या कडेची जमीन फुगून वर आली, फाटली, आणि आतून तप्त रस बाहेर पडू लागला. लोकांनी एक रात्र पॅचेसवर काढली आणि १० ऑक्टोबरला २६४ माणसांनी गाव सोडले. नाइटिंगेल बेटावर, तिथून डच जहाजाने केप टाऊनला, आणि तिथून इंग्लंडला. लाव्हा गावाच्या बाजूने समुद्रात उतरला. घरे बहुतेक वाचली, पण शेवंडीचा कारखाना आणि होड्या लावायच्या दोन्ही पुळणी गाडल्या गेल्या.

इंग्लंडमध्ये ह्या लोकांचे स्वागत चांगले झाले. राहायला घरे मिळाली, कामे मिळाली, वीज, मोटारी, चित्रपट सगळे होते. सर्वांना वाटले, सुटले बिचारे एकदाचे त्या खडकावरून! पण त्या थंडीत तिथल्या सर्दी-पडशाचे आजार त्यांना झेपेनात. काही म्हातारी माणसे दगावली. घराला कुलूप लावायची सवय नाही, शेजारच्याचे नाव माहीत नाही, घड्याळाच्या काट्यावर दुसऱ्याची चाकरी, हे त्यांना जमेना. ते म्हणू लागले, आम्हाला परत पाठवा. सरकार कां-कूं करत होते. तेव्हा १९६२ च्या डिसेंबरात मत घेतले. परत जावे म्हणणारे १४८, राहावे म्हणणारे ५!

१९६३ मध्ये गाव पुन्हा नांदते झाले. पुढे १९६७ मध्ये नवे बंदर बांधून झाले, त्याला नाव दिले 'कॅलशॉट'. इंग्लंडमध्ये ज्या ठिकाणी त्यांना राहायला जागा मिळाली होती, त्याचेच नाव. उपकार विसरले नाहीत ते. मात्र गोष्ट इथेच गोडीगुलाबीने संपली असे सांगणे बरोबर होणार नाही. परत आलेल्यांपैकी काही कुटुंबे १९६६ मध्ये पुन्हा इंग्लंडला गेली. त्यांतली काही पुन्हा आली, काही नाही. आजही मुले सोळाव्या वर्षापर्यंत गावच्या शाळेत शिकतात. पुढचे शिक्षण हवे तर बेट सोडावे लागते. जड आजारी माणसाला केप टाऊनला न्यायचे तर जहाजाची वाट पाहावी लागते. म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे, पाळणे कमी हलतात. ज्या करारावर गाव उभे राहिले तो पुढे चालवायला उद्या पुरेसे हात असतील का, ही काळजी तिथल्या जाणत्या माणसांना आहे. ही काळजी आपल्याकडच्या कितीतरी गावांना परकी नाही.

गुरुजी मंडळींना शेवटी एक सुचवावेसे वाटते. भूगोलाच्या तासाला ट्रिस्टनचा नकाशा फळ्यावर काढा. एक डोंगर, एक रस्ता, एक गाव. काढायला पाच मिनिटे पुरतील. मग मुलांना विचारा, अडीचशे माणसांचे आपलेच एक गाव समुद्रात एकटे पडले, तर पहिला नियम कोणता करू या? विहीर कोणाची, रान कोणाचे, आजारी माणसाकडे पाहायचे कोणी? मुलांना आपसात वाद घालू द्या. मध्ये बोलू नका. त्यांचे नियम वहीत उतरवून झाले म्हणजे १८१७ सालच्या करारात काय होते ते त्यांना सांगा, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहायला लावा.